तिकीट पूर्ण, जागा बाकावर

सुट्टी लागली की मुंबई-पुण्याची माणसं गाड्या भरभरून आपल्याकडे समुद्र बघायला येतात. आपल्या पोरांना मात्र समुद्राचं काय कौतुक? तो रोजचाच, घरामागचा. त्यांचा हट्ट एकच, इमॅजिका! वर्गातलं कुणीतरी जाऊन आलेलं असतं, कुणाला मामाने नेलेलं असतं, मग घरात भुणभुण सुरू होते. शेवटी एखाद्या रविवारी दोन भाऊ, दोन जावा, सासू-सासरे, नणंदेची मुलं अशी सगळी वरात भाड्याच्या गाडीत कोंबून निघते. या वरातीत बहुतेक वेळा एक दीड-दोन वर्षांचं लेकरूही असतं. त्याने काही हट्ट केलेला नसतो. इमॅजिका हे खायचं की खेळायचं हेही त्याला ठाऊक नसतं. पण त्याला ठेवणार कुठे, म्हणून तेही निघतं. त्याच्याबरोबर त्याची आईही निघते. ती तिथे खरंच पोहोचते का, एवढंच मला आज विचारायचंय.

इमॅजिका आपल्या जिल्ह्यातलंच. खालापूर तालुक्यात, खोपोली-पाली रस्त्यावर सांगडेवाडीला. २०१३ च्या एप्रिलमध्ये ते उघडलं तेव्हा ‘ॲडलॅब्ज इमॅजिका’ असं नाव होतं, मनमोहन शेट्टी यांच्या कंपनीचं. पुढच्याच वर्षी वॉटर पार्क आलं, मग २०१६ ला बर्फाचं पार्क. २०२२ पासून कारभार संगमनेरच्या मालपाणी समूहाकडे आहे. आपल्या पिढीने लहानपणी टीव्हीवर गोराईच्या एस्सेलवर्ल्डची जाहिरात बघून उसासे टाकले. त्यामानाने आपल्या पोरांचं नशीब थोर! अलिबागहून पेण, पेणहून खोपोली, दोन-अडीच तासांत पोर पोचतंय. (वडखळ नाक्याने मनावर घेतलं नाही तर.) श्रीवर्धन-म्हसळ्याच्या मैत्रिणींना मात्र कोंबडं आरवायच्या आधी उठावं लागतं. आणि आपली माणसं हुशार. एवढं लांब जातोच आहोत तर जाता जाता पालीचा बल्लाळेश्वर आणि येताना महडचा वरदविनायक उरकून घेऊ म्हणतात. तान्ह्या मुलासकट!

आता तिथे गेल्यावर काय होतं ते बघा. दाराशी उंची मोजतात. तिकीट उंचीवर ठरतं, आणि अगदी लहानग्यांना बहुतेक पार्कांत तिकीटच नसतं. इथे घरातले सगळे खूश होतात. ‘छोटीचं फुकट आहे, मग नेऊया की!’ पण मैत्रिणींनो, हा हिशोब कुणी पूर्ण मांडतच नाही. छोटी फुकट गेली, तिच्या आईचं तिकीट मात्र पूर्ण लागलं. मोठ्या माणसाचं, चांगलं घसघशीत. आणि त्या पूर्ण तिकिटात ती दिवसभर काय करते? बाकावर बसते.

खोटं वाटत असेल तर पुढच्या वेळी नीट बघा. मोठ्या पाळण्याच्या बाहेर, जिथे थोडी सावली असते तिथे, बायकांची एक रांग बसलेली असते. मांडीवर झोपलेलं मूल, खांद्यावर ओढणी नाहीतर पदर पसरलेला, भोवती पिशव्यांचा गराडा. सगळ्यांचे मोबाइल, चष्मे, पाकिटं, दिरांची टोपी, सासऱ्यांची पाण्याची बाटली, सगळं तिच्या ताब्यात. पार्कात सामान ठेवायला लॉकर असतात, पण त्याचे पैसे पडतात ना. आई फुकट असते.

आमच्या नात्यात रेवदंड्याला एक सून आहे. सव्वीस वर्षांची, चुणचुणीत, कॉलेजात असताना चौलच्या जत्रेतल्या आकाशपाळण्यात ओळीने तीनदा बसणारी. गेल्या मे महिन्यात त्यांचं सगळं घर अशाच एका मोठ्या पार्कात गेलं. कुठल्या ते जाऊ दे. प्रत्येक पाळण्यापाशी सासूबाई मायेने म्हणायच्या, “तू बस गो इथे, पोरगी झोपलेय, उठवू नकोस.” पोरगी उठली की, “आता तिला भरव गो जरा.” भरवून झालं की पोरीने कपडे भरवलेले. संध्याकाळी गाडीत सगळ्यांनी आपापला आवडता पाळणा सांगितला. हिची पाळी आली तेव्हा ही म्हणाली, “मला ते मोठं झाड आवडलं. सावली छान होती.” सगळे हसले, तीही हसली. घरी आल्यावर फोटो बघितले तर शे-दीडशे फोटोंत ती तीनच ठिकाणी. त्यातल्या दोघांत हातात पिशवी.

यात दुष्ट कुणीच नाही, हे मुद्दाम सांगते. सासू मायाळू आहे, नवरा गुणी आहे. तोही दोनदा विचारायला आला होता, “तू जातेस का?” हिनेच “नको, तुम्ही जा” म्हटलं. आपल्या तोंडातून हे ‘नको’ इतकं आपोआप निघतं की समोरच्याला ते खरंच वाटतं. तुम्हीच सांगा, तुम्ही किती वेळा म्हटलंय?

गंमत बघा, ही सगळी थीम पार्कची कल्पनाच मुळी बाकावर बसलेल्या पालकाची आहे! अमेरिकेत लॉस एंजेलिसला ग्रिफिथ पार्क आहे. तिथे शनिवारी वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना घेऊन जायचे. मुली फिरत्या घोड्यांवर बसायच्या आणि हे बाकावर शेंगदाणे खात बसायचे. तिथे त्यांच्या मनात आलं, की पोरांनी खेळायचं आणि मोठ्यांनी कंटाळत बसायचं हे काही खरं नाही. आईबाप आणि मुलं मिळून मजा करतील अशी जागा हवी. त्यातून १९५५ च्या १७ जुलैला कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. पुढे जगभर जी पार्कं झाली त्यांची वाट तिथून सुरू होते. बाप बाकावर कंटाळला म्हणून एवढा पसारा उभा राहिला. आणि त्याच पसाऱ्यात सत्तर वर्षांनी आपल्या घरची आई परत बाकावर. तिला तर शेंगदाणेही कुणी देत नाही!

आता कुणी म्हणेल, मग काय लहान मुलांनाही मोठ्या पाळण्यात बसू द्यायचं? छे! त्या उंचीच्या पट्टीशी भांडण्यात काही अर्थ नाही. गेटवर मी चांगली शिकलेली माणसं हुज्जत घालताना बघितलीत. “दोन इंचाने काय होतंय?” म्हणत पोराला टाचा उंच करायला सांगतात. अहो, ती पट्टी काही पार्कवाल्यांनी गंमत म्हणून लावलेली नाही. पाळण्यात अंगावर जो दांडा येतो तो ठरावीक उंचीच्या माणसाला घट्ट बसेल असाच केलेला असतो. पोर लहान असलं की ते त्यातून निसटू शकतं. दुसरं म्हणजे लहान मुलाचं डोकं अंगाच्या मानाने केवढं मोठं असतं बघा. जन्मतः डोकं अंगाच्या एकूण लांबीच्या चौथा हिस्सा, मोठेपणी ते सातवा-आठवा हिस्सा होतं. ते जड डोकं कोवळ्या मानेवर आणि वर झटके! इमॅजिकातला ‘नायट्रो’ एकशेतीस फुटांच्या वर उंच आहे, वेग ताशी शंभर किलोमीटरच्या पुढे. अशा मोठ्या रोलर कोस्टरना जगभर साधारण चार ते साडेचार फुटांची अट असते. दोन वर्षांची मुलगी सरासरी पावणेतीन-तीन फुटांच्या मध्ये, तीन वर्षांची तीन फुटांच्या जराशी वर. चार फुटाला पोचेपर्यंत ती सातेक वर्षांची होते. म्हणजे पाच वर्षं टाचा उंच करून उपयोग नाही.

अंधाऱ्या खेळांचंही तसंच. इमॅजिकातला सलीमगढ म्हणजे भुताचा वाडा, ‘रॅथ ऑफ द गॉड्स’मध्ये वारा, पाणी, आग अंगावर येतात. आपल्याला माहीत असतं की हे सगळं खोटं. दोन वर्षांच्या मुलाला खरं आणि खोटं असे दोन कप्पेच अजून झालेले नसतात. त्याच्या दृष्टीने आग म्हणजे आग, भूत म्हणजे भूत. मग ते रात्री चार-चारदा दचकून उठतं, आणि उठल्यावर कुणाला हाक मारतं ते सांगायला नको. ‘घाबरट झालाय, आईने पदराखाली ठेवलाय’ हेही वर ऐकावं लागतं.

मग लहानग्याने करायचं काय? त्याच्यापुरतं तिथे असतं की. इमॅजिकाचा शुभंकर टबी नावाचा हत्ती आहे, त्याचे उडते हत्ती आहेत, गोल फिरणारे घोडे आहेत. मांडीवर घेऊन किंवा शेजारी धरून बसता येतं असे खेळ बहुतेक पार्कांत असतात. मूल दोनदा घोड्यावर बसतं, मग कारंजापाशी अर्धा तास रमतं, मग जमिनीवरची मुंगी बघत बसतं. मोठी माणसं वैतागतात, ‘एवढे पैसे घालून हा मुंगी बघतोय!’ बघू दे की. त्याचा पैसा वसूल झाला. (त्याचं तर तिकीटच नव्हतं.) दोन-अडीच तासांत त्याचं मन भरतं, दुपारी एकला त्याला झोप हवी. त्याचं पार्क तिथे संपलं. उरलेले सहा तास त्याला फरफटवायचं ते बाकीच्यांसाठी.

आणि एक गोष्ट, जी सांगितली की लोकांना रुचत नाही. यातलं त्याला काहीही आठवणार नाही. माणसाच्या सगळ्यात जुन्या आठवणी साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या वयापासूनच्या असतात, त्याआधीचं पुसलं जातं. तुम्हीच आठवून बघा. ‘मोठा झाल्यावर लक्षात राहील’ म्हणून जे फोटो काढतो ते त्याला फोटोत बघूनच कळणार. आता यावर ‘मग नेताच कशाला’ असं मी म्हणणार नाही. पोर त्या क्षणी खिदळतं ते खरंच असतं, त्याला आठवणीचा शिक्का कशाला हवा? पण त्या दिवसातलं कुणाला काय आठवणार याचा विचार केला, तर तो दिवस वर्षानुवर्षं आठवणार आहे त्याच्या आईला. मग तिच्या वाट्याला झाड आणि सावली एवढंच का यावं?

डिस्नेच्या पार्कांत यावर एक साधी सोय आहे, ‘रायडर स्विच’ म्हणतात. उंचीची अट असलेल्या पाळण्यापाशी एकजण मुलाला घेऊन बाहेर थांबतो, बाकीचे रांगेतून जाऊन येतात. ते आले की मूल त्यांच्याकडे आणि थांबलेला माणूस आत. त्याला परत तासभर नेहमीच्या रांगेत उभं राहावं लागत नाही. एवढीच गोष्ट! यात ना यंत्र लागतं ना खर्च. आपल्याकडच्या कुठल्याही पार्कात गेलात तर आधी चौकशीच्या खिडकीवर विचारा, अशी काही सोय आहे का. नसेल तर लेखी सूचना टाकून या. चार-दोनशे बायकांनी विचारलं तर मॅनेजर नावाच्या माणसाला ऐकावं लागतं. आणि पार्काची सोय असो-नसो, घरची सोय तर आपल्या हातात आहे? ती आदल्या रात्री जेवताना ठरवायची. पार्कात गेल्यावर ठरवू म्हटलं की झालंच! पहिल्या पाळण्याला आई जाणार, बाबा बाकावर. दुसऱ्याला काका बाकावर. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या एरवीही बसणारच, तर झोपलेलं मूल तासभर त्यांच्या मांडीवर. आणि आपण फक्त ते ‘नको’ गिळायचं.

दुसरा मार्ग आहे तो जास्त अवघड. छोट्याला घरी ठेवायचं. घरी आजी असेल, मावशी असेल, विश्वासाची शेजारीण असेल, दूध तुटलेलं असेल, तर एक दिवस मूल आनंदाने राहतं. मग आई मोठ्या मुलाबरोबर जाऊ शकते. त्या मोठ्याचंही बघा ना, धाकटं आल्यापासून त्याला अख्खी आई मिळालेलीच नसते. पण हे बोलून तर बघा! ‘दोन वर्षांचं पोर टाकून आई पाळण्यात बसायला गेली!’ आळीभर होतं. बापाला असं कुणी म्हणत नाही.

इथे आपल्याला लगेच हिरकणीचा दाखला दिला जातो. आपण रायगडच्या, आपल्याला तो हक्काने देतात. रायगडावर दूध घालायला गेलेली गवळण, संध्याकाळी दरवाजे बंद झाले, घरी तान्हं मूल, म्हणून अंधारात कडा उतरून गेली. महाराजांनी तिथे बुरूज बांधला, तिचा सन्मान केला, अशी आख्यायिका. आज बाळाला पाजण्यासाठी ज्या खोल्या असतात त्यांनाही आपण हिरकणी कक्ष म्हणतो. सुंदर नाव आहे. पण ती गोष्ट सांगताना सगळे कड्यापासून सुरुवात करतात. सकाळचं कुणी सांगतच नाही. सकाळी हिरकणी पोर घरी ठेवूनच गडावर गेली होती ना? तिचं काम होतं, ती गेली. त्याबद्दल कुणी तिला नावं ठेवल्याचं त्या गोष्टीत नाही. तुम्ही म्हणाल ती कामाला गेली होती, मजेला नाही. बरोबर. पण वर्षातून एक दिवस, तोही मोठ्या मुलाचा हात धरून! एवढ्याने कुठला कडा कोसळणार आहे?

आपल्या जत्रांमध्ये हा प्रश्न फारसा नव्हता, हे मला अधूनमधून वाटतं. दत्तजयंतीला चौलच्या जत्रेत बघा. लाकडी पाळणा, हाताने ढकलणारा माणूस, आणि पोर मांडीवर घेऊन आईच पाळण्यात. तिथे पोराचा पाळणा आणि आईचा पाळणा वेगळे नसतात. जत्रेतल्या पाळण्यांची नटबोल्टची कथा वेगळी, ते मोठे आकाशपाळणे बघून पोटात गोळा येतो, सुरक्षिततेत जत्रा जिंकते असं मी मुळीच म्हणणार नाही. पण तिथे बाकच नसतो. त्यामुळे कुणाला त्यावर बसवायचं हाही प्रश्न नसतो.

जाणारच असाल तर चार कामाच्या गोष्टी. देवदर्शन दुसऱ्या दिवशी ठेवा, बल्लाळेश्वर रागावणार नाही. पार्क उघडायच्या वेळेला पोचा आणि आधी लहानग्याचे खेळ उरका, तेव्हा ऊन कमी आणि पोर ताजं असतं. मोठ्या पाळण्यांची आळीपाळी त्याच्या दुपारच्या झोपेत बसवा. खालापूर घाटाच्या पायथ्याशी आहे, एप्रिल-मेचं ऊन करपवतं आणि जून-जुलैचा पाऊस थांबत नाही, थंडीतले दिवस उत्तम. लहान मुलांच्या अंगातलं पाणी आपल्यापेक्षा लवकर कमी होतं, म्हणून ओआरएसची पाकिटं ठेवा, तहान लागायची वाट बघू नका. बाहेरचं खाणं बहुतेक पार्कांत आत नेऊ देत नाहीत, तान्ह्या मुलांच्या खाण्याला बहुधा सूट असते, पण निघण्याआधी फोन करून विचारून घ्या. त्याच फोनवर पाजण्यासाठी खोली कुठे आहे तेही विचारा, गेटपाशीच आहे की आतही आहे. अर्धा किलोमीटर चालून पाजायला यायचं म्हणजे शिक्षाच. पोराच्या खिशात घरच्यांचा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी घाला. आणि वॉटर पार्कात जाणार असाल तर घोटाभर पाण्यातही मूल हाताच्या अंतरावर ठेवायचं, ज्याची पाळी असेल त्याने मोबाइलला हात लावायचा नाही. लहान मूल बुडताना ओरडत नाही, गप्प बुडतं. बाबांची पाळी असेल तेव्हा हे दोनदा सांगा.

पिशवी एकच न्या. तिलाही आळीपाळी.

आणि हो, स्लीपर घालून जाऊ नका, मागे पट्टा असलेली घट्ट सँडल घाला. नायट्रोला पायाखाली फळी नाही, पाय अधांतरी लोंबकळत असतात.